वर्गातील अस्वस्थ मूल : शिक्षकाची नोंद व डॉक्टरांचे निदान

शाळाभेटीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या वर्णनात्मक नोंदी चाळताना एक वाक्य बहुतेक शाळांत, जवळजवळ त्याच शब्दांत, आढळते : 'वर्गात लक्ष देत नाही, इतरांस त्रास देतो, सुधारणा आवश्यक.' हे वाक्य खोटे असते असे नाही. ते लिहिणाऱ्या शिक्षकाने त्या मुलापायी वर्षभर किती घसा कोरडा केला असेल, याची प्रस्तुत लेखकास पूर्ण कल्पना आहे. तथापि हाच शेरा घेऊन एखादी माता जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांपुढे जाऊन बसली, तर त्या तज्ज्ञांच्या हाती त्यातून काय पडावे? मूल त्रास देते एवढे ती माता घरूनच सांगत आलेली असते.

तिसरीतील एका मुलाची हकिगत येथे देतो. गाव व नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा चुणचुणीत, तोंडी हिशेबात वर्गात पहिला. परंतु वहीत चार ओळी पुऱ्या होण्यापूर्वीच तो उठे, शेजाऱ्याची पेन्सिल ओढी, प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर ओरडून मोकळा होई, आणि बाहेर ट्रॅक्टर वाजला की थेट दारात. दोन वर्षे 'मस्तीखोर' या एका शब्दावर त्याची बोळवण झाली होती. पुढे वार्षिक तपासणीस आलेल्या आरोग्य पथकाने त्याच्या नावापुढे खूण केली आणि त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथे डॉक्टरांच्या खोलीत, नवख्या जागी, एका अनोळखी मोठ्या माणसासमोर, हा मुलगा पंधरा मिनिटे हाताची घडी घालून बसला! आई बिचारी ओशाळली. डॉक्टरांनी शाळेचा अहवाल मागविला. शाळेकडून गेला तो वर दिलेल्या वाक्याचाच. अशा रीतीने तीन महिने फुकट गेले.

त्या खोलीत मूल शांत बसले म्हणून त्यास काही नाही, असे कोणत्याही जाणत्या डॉक्टरास वाटत नाही. नवी जागा, एकच मोठे माणूस आणि सर्व लक्ष आपल्याकडे, अशा स्थितीत चंचल मुलेही काही काळ स्थिर राहतात, ही परिचित गोष्ट आहे. अडचण निराळीच असते. ज्या विकाराची येथे शंका होती, तो अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, ज्यास डॉक्टर मंडळी 'एडीएचडी' म्हणतात, तो रक्ताच्या वा क्ष-किरणांच्या तपासणीत दिसत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेत त्याची दोन गटांत प्रत्येकी ९ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी एका गटातील निदान ६ लक्षणे, सहा महिने वा अधिक काळ, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात दिसावी लागतात. त्यांतील काही तरी बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावी लागतात. आणि मुख्य म्हणजे ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. पहिले ठिकाण घर. दुसरे बहुधा शाळा. म्हणजे शाळेतून नेमकी माहिती मिळेपर्यंत डॉक्टरांचे निदान अर्ध्यावर अडते. या मुलाच्या बाबतीत ते तसेच अडले होते.

पुढे त्या वर्गावर आलेल्या बाईंनी, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या सवयीने, एका जुन्या वहीत आठवडाभर टाचण ठेवले. त्यातील थोडा भाग त्यांच्या अनुमतीने देतो :

'सोमवार. पाढे लिहिण्याचे काम, २० मिनिटे. जागेवरून ७ वेळा उठला. त्यांपैकी ५ वेळा शेजारच्याने काहीही केले नव्हते. तेराचा पाढा वहीत अर्धाच. तोंडी विचारला तेव्हा न चुकता म्हटला.

मंगळवार. गोष्ट सांगताना १२ मिनिटे बसला, पाय मात्र सारखे हलत होते. ३ प्रश्नांची उत्तरे प्रश्न संपण्यापूर्वीच दिली. तिन्ही बरोबर.

गुरुवार. पाण्याच्या टाकीजवळ रांगेत थांबवले नाही, पुढच्या मुलास ढकलले. तो पडल्यावर स्वतःच जाऊन त्याला उठवले.

शनिवार. भाषेची वही सापडेना म्हणून रडला. दप्तरातच होती. या आठवड्यात ही तिसरी खेप.'

या टाचणात मुलाविषयी एकही विशेषण नाही. खोडकर, हट्टी, आळशी, वाया गेलेला, यांपैकी एकही शब्द नाही. काय काम चालले होते, किती वेळ, मुलाने काय केले, किती वेळा केले आणि त्यापुढे काय घडले, एवढेच आहे. परंतु डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळले. पाढा तोंडी येतो आणि वहीत पुरा होत नाही, यावरून बुद्धीची उणीव नसून काम तडीस नेण्याची अडचण आहे, असे दिसले. ढकललेल्या मुलास तो स्वतः उठवितो, यावरून वागण्यात दुष्टावा नसून हात मनाच्या आधी धावतो, असे दिसले. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण जाणूनबुजून दुसऱ्यास इजा करणे, चोरी, जनावरांना छळणे अशा वर्तनाचा आचरण-विकार वेगळा, व त्याची चिकित्साही वेगळी. हरवलेली वही दप्तरातच सापडते, हे तर अवधान-न्यूनतेचे नेहमीचे लक्षण.

अशी नोंद रोज, प्रत्येक मुलाची ठेवावी, असे कोणी सुचवीत नाही. ज्या मुलाविषयी शंका आहे त्याचीच, दोन आठवडे, दिवसातून एखाद्या प्रसंगाची चार ओळींत नोंद पुरते. जगभरच्या अभ्यासांचा ढोबळ मेळ घातला तर हा विकार शंभरात सुमारे ५ मुलांत आढळतो. म्हणजे ४० च्या पटावर फार तर दोघांतिघांची वही होईल. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे : मूल शांत बसले, काम पुरे केले, त्या वेळेचीही नोंद घ्यावी. कोणत्या तासाला, कोणत्या कामात ते रमते, हे कळल्यावाचून उपाय सुचत नाही.

याच मुलाच्या पुढील हकिगतीत शिक्षकाच्या नोंदीचे दुसरे महत्त्व दिसते. घरची व शाळेची माहिती जुळल्यावर निदान पक्के झाले. वर्गात व घरी करावयाच्या उपायांबरोबर तज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट हे औषध अल्प मात्रेत सुरू केले. (हे औषध कायद्याने नियंत्रित आहे, तज्ज्ञांच्या चिठ्ठीवाचून ते मिळत नाही. सहा वर्षांखालील मुलांत तर प्रथम औषध न देता पालकांनाच वर्तनविषयक मार्गदर्शन करतात.) महिन्याने आई रुग्णालयात गेली व म्हणाली, "काडीचाही फरक नाही, डॉक्टरसाहेब. गोळी बंद करू का?" डॉक्टर मात्रा वाढविण्याच्या विचारात होते. इतक्यात आईने पिशवीतून बाईंची वही काढली.

वहीत लिहिले होते : परिपाठापासून १२ वाजेपर्यंत जागेवर बसतो, लिहिण्याचे काम पुरे करतो. १२ नंतर पूर्वीसारखाच. मधल्या सुट्टीत खिचडी अर्धी टाकतो; पूर्वी दोनदा मागून घेई.

आई सकाळी आठ वाजता मुलाच्या हातावर गोळी ठेवून साडेआठला रानात जाई, ती दिवेलागणीस परत येई. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एक तासात सुरू होऊन तीन ते चार तास टिकतो. म्हणजे औषध अंगी असताना मूल कसे वागते, हे त्या माऊलीने एकदाही पाहिलेले नव्हते! पाहिले होते ते फक्त बाईंनी. डॉक्टरांनी मात्रा वाढविली नाही. गोळीची वेळ पुढे सरकविली, दुपारच्या जेवणानंतर एक लहान मात्रा नेमून दिली, आणि भूक मंदावल्याची नोंद वाचून दरमहा वजन घेण्यास सांगितले. बाईंचे टाचण नसते तर एक तर औषध सुटले असते, नाही तर उगाच वाढले असते.

शाळेत द्यावयाच्या मात्रेविषयी येथेच सांगणे बरे. आईवडिलांची लेखी संमती व डॉक्टरांची लेखी सूचना, ही दोन्ही हाती आल्याखेरीज शिक्षकाने कोणतेही औषध देऊ नये. आल्यावर ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावे आणि दिल्याची तारीख-वेळ लिहावी. गोळ्या दप्तरात ठेवून मुलाच्या हवाली करणे अगदी गैर.

या विकारावरील औषधाचा शोधही एका शाळेच्या साक्षीनेच लागला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांचे एक निवासी रुग्णालय होते व त्यास जोडून शाळा होती. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली ३० मुलांना एक आठवडा बेंझेड्रिन हे औषध देऊन पाहिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात थक्क करणारा फरक पडला. मुलांनी स्वतःच त्यास 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. औषध उत्तेजक, आणि त्याने चंचल मूल स्थिर व्हावे, ही त्या काळी चमत्कारिक वाटणारी गोष्ट होती. शाळा जोडलेली नसती तर ती इतक्या स्पष्टपणे दिसली असती किंवा कसे, हा प्रश्नच आहे. पुढे १९९९ साली त्याच देशात ५७९ मुलांवरील, चौदा महिने चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात योग्य मात्रा ठरविण्यासाठी आरंभीचे २८ दिवस पालक व शिक्षक या दोघांचे गुणांकन वापरले होते. प्रयोगातील औषध-गटास जो गुण आला, तो गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलांना आला नाही, आणि यांतील बहुतेकांना औषधे तर चालू होती. औषधापेक्षा ते देण्याच्या व पारखण्याच्या रीतीत फरक होता, असे माझे मत आहे.

आता विरुद्ध बाजू. प्रत्येक अस्वस्थ मुलास हा विकार असतो असे मुळीच नाही, आणि शिक्षकाने निदान करू नये. सेवेच्या पहिल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी पाहत नसे, सांगितलेले पान काढीत नसे, भलतेच उत्तर देई. मी त्यास मुजोर समजलो आणि तेव्हाच्या चालीप्रमाणे छडीचा प्रसाद दिला. एकदा नव्हे, अनेकदा. दोन वर्षांनी त्याच्या कानाच्या जुन्या स्रावाची तपासणी झाली, तेव्हा कळले की त्यास एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते आणि दुसऱ्याने अर्धवट. मी त्यास शेवटच्या रांगेत बसविले होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ अन्वये आज शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. परंतु त्या मुलाची आठवण झाली की मला कलम आठवत नाही, त्याचा पुढे केलेला हात आठवतो.

म्हणून प्रथम कान व डोळे तपासावेत. रक्तक्षय, अपुरी झोप, उपाशीपोटी शाळेत येणे, यांनीही मूल चिडचिडे वा सुस्त होते. काही मुले बोलता बोलता एकाएकी थांबतात, दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहतात आणि पुन्हा काही घडलेच नाही असे काम करू लागतात. हाकेला ओ देत नाहीत. आपण म्हणतो, तंद्री लागली. दिवसातून अनेकदा असे घडत असेल तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो व तो औषधाने बहुधा आटोक्यात येतो. घरी ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्गात येते, मात्र घड्याळ पाहून किती सेकंद व दिवसात किती वेळा, हे लिहावे.

आणखी एक प्रकार. वर्षानुवर्षे शांत असलेले मूल दोन-चार आठवड्यांत एकदम बदलले, मारामारी करू लागले वा गप्प झाले, तर अवधान-न्यूनतेचा विचार मनातून काढून टाकावा. घरात मृत्यू, वडिलांचे व्यसन, कोणाची मारहाण, काहीतरी घडलेले असते. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या बाल संरक्षण अधिनियमाप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे दोन आठवडे नोंदी ठेवीत बसू नये. १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक वर्गात लिहून ठेवावा.

पालकांशी पहिले बोलणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग. एका शाळेत गुरुजींनी, हेतू चांगला असूनही, चावडीसमोर वडिलांना गाठून सांगितले, "तुमच्या पोराला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." चार माणसे ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नाही, आणि गावातील पोरे त्याच्या बहिणीला 'येड्याची बहीण' म्हणू लागली. गुरुजींना हे पुढे कितीतरी दिवस निस्तरता आले नाही. वर सांगितलेल्या बाईंनी मात्र आईला शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावले, आधी मुलाचे तोंडी हिशेब तिला ऐकविले, मग विचारले, "ताई, घरी जेवायला बसल्यावर तो कसा असतो हो?" आईने आपणहून सारे सांगितले. "बाई, मला वाटायचं माझंच चुकतं," असे म्हणून ती रडली. डॉक्टरांचे नाव त्यानंतर निघाले. मुलाविषयीचे कागद शिक्षक-कक्षातील टेबलावर उघडे ठेवू नयेत, शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचू नयेत, आणि पालकांच्या संमतीवाचून कोणाकडेही पाठवू नयेत.

डॉक्टरांकडूनही शाळेस काही मिळावयास हवे. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक चिठ्ठ्यांत औषधाचे नाव व एक न वाचता येणारी सही, याहून अधिक काही नव्हते. तेव्हा आपली नोंद पाठविताना तिच्याखाली नम्रपणे तीन प्रश्न लिहावेत : वर्गात आम्ही काय करावे? औषधाचा कोणता त्रास दिसला तर कळवावे? पुढील नोंद केव्हा पाठवावी? प्रश्न विचारले असता उत्तरे येतात, असा अनुभव आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू असून त्याचे पथक शासकीय शाळांत वर्षातून एकदा, तर अंगणवाड्यांत दोनदा येते. त्याच्या तपासणीच्या यादीत अवधान-न्यूनता, अध्ययनातील अडचणी व स्वमग्नता यांचाही समावेश आहे. पथक एका दिवसात शेकडो मुले तपासते. त्या दिवशी वही हाती द्यावी, केवळ बोट दाखवू नये. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात भेटतात. पालकांना रुग्णालय दूर पडत असेल तर १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याचा विनामूल्य सल्ला मिळतो. तो शिक्षकांनीही घ्यावा.

वर्गातील उपायांविषयी थोडक्यात. मुलास पुढे, फळ्याजवळ, दार-खिडकीपासून दूर बसवावे. वीस गणितांऐवजी पाच-पाच द्यावीत, व पाच झाली की टेबलाशी येऊन दाखवावयास सांगावे. त्याचे उठणे अशाने कामाचे होते. चांगले वागल्याची दखल त्याच मिनिटास घ्यावी, महिनाअखेरच्या बक्षिसाचा अशा मुलास उपयोग नाही. रोज एका चिठ्ठीवर दोन-तीन गोष्टींचीच खूण करून घरी पाठवावी : काम पुरे केले, हात वर करून बोलला, वही सापडली. घरच्यांनी ती पाहून तासभर खेळावयास द्यावे, इतके पुरे; पैसे वा खाऊ नको. १९६९ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी चौथीच्या वर्गात वापरलेला सद्वर्तनाचा खेळ आपल्याकडेही करण्यासारखा आहे. वर्गाचे दोन संघ करावयाचे, नियम मोडला की त्या संघाच्या नावे फळ्यावर एक रेघ, ठरलेल्या रेघांच्या आत राहील तो संघ जिंकला. दोन्ही संघ जिंकू शकतात. फक्त एकाच मुलामुळे संघ रोज हरत असेल तर खेळ थांबवावा, नाहीतर मधल्या सुट्टीत त्या मुलास त्याची किंमत मोजावी लागते.

तिसरीतील त्या मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीस गेले. मुलगा आजीजवळ राहील असे ठरले होते, परंतु आजी आजारी पडली आणि त्यास बरोबर नेले गेले. अशा वेळी बहुतेक उपचार तुटतात. कारखान्याच्या तळावर कोणास काही ठाऊक नसते. बाईंनी स्थलांतराच्या शिक्षण हमी कार्डासोबत आपल्या टाचणाचे एक पान आईच्या हाती दिले. त्यावर गोळीच्या वेळा, डॉक्टरांची पुढील तारीख, मुलगा कोणत्या कामात रमतो, आणि खाली शाळेचा दूरध्वनी क्रमांक होता. डिसेंबरात तिकडच्या शाळेतील एका गुरुजींचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, "बाई, हा मुलगा पुढच्या रांगेत बसतो ना?"